गाडी बसेपर्यंत

४ मार्च

प्रिय पक्कड,

"फोनवर बोलू नकोस, लिहून पाठव, फोनवर तुझे आकडे बदलतात," असं तू मागच्या वेळी म्हणालीस, म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून एवढं लिहायची वेळ आली नव्हती. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. लहान बहिणीला मोठ्या भावाचं मन कळायला अक्षर कशाला लागतं?

काम असं आहे. परवा आपल्या ट्रकमध्ये एक मोटरसायकल आडवी झाली. वळणावर ड्रायव्हरने जरा जोरात घेतलं (तो म्हणतो हळूच घेतलं) आणि कडेची गाडी शेजारणीच्या गळ्यात पडली. ती तिसरीच्या. एका टाकीला पोचा, दोन आरसे गेले, एक क्लचचा दांडा वाकला. शोरूमचा मालक ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "बांधणारा माणूस बदला, नाहीतर मी यार्ड बदलतो." आपलं यार्ड त्यांच्याच गाड्या पोचवण्यावर चालतं, हे तुला सांगायला नको.

बांधणारा माणूस जुना आहे. दोराने बांधतो आणि सैल बांधतो. म्हणतो, गाडीला अंग हलवायला जागा पाहिजे. त्याला "जा" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि मी "असं बांधा" म्हटलं तर ऐकतंय कोण? पिकतं तिथे विकत नाही. तू मात्र शिकलेली, कंपनीत दिवसभर गाड्यांचे शॉकअपच तपासत असतेस. नवीन गाडी ट्रकमध्ये कशी बांधायची, म्हणजे ती पडणार नाही आणि तिचं काही तुटणारही नाही, ते एकदा नीट लिहून दे. तुझ्या कागदाला वजन येईल.

आई बरी. अप्पा बरे. अप्पा हल्ली ऑफिसात बसतात, चहा पितात, आणि मी फोनवर काय बोलायला हवं होतं ते फोन ठेवल्यावर सांगतात.

दादा


११ मार्च

दादा,

अक्षर लागलं. "शॉकअप" चार वेळा खोडून लिहिला आहेस, पण कळला.

मी दिवसभर शॉकअप तपासत नाही, मारते. यंत्रात पुढचा शॉकअप उभा धरलेला असतो, यंत्र त्याला वरखाली दाबत राहतं, आणि तो कधी गळायला लागतो याची मी काचेपलीकडे बसून वाट बघते. गळाला की त्याला काढून दुसरा चढवायचा. त्यामुळे तो कशाने मरतो हे मला नक्की माहीत आहे. ट्रकमध्ये कसा जगेल हे त्यावरून लिहिते.

दोर सोडून द्या. दोर ताणतो, भिजला की वेगळाच वागतो, आणि गाठ किती घट्ट आहे हे गाठ मारणाऱ्यालाच ठाऊक असतं. रॅचेटचे पट्टे घ्या, दांडा वरखाली केला की खटक्या-खटक्याने आवळतात ते. गाडीचं पुढचं चाक समोरच्या फळीला टेकवा. साइड स्टँड वर घ्या. स्टँडवर उभी ठेवून बांधलेली गाडी स्टँड मोडते. पट्टा हँडलच्या टोकाला लावू नका, हँडल वाकतं. हँडलच्या खाली दोन्ही शॉकअप एकत्र धरणारा जाड भाग असतो, त्याला कापडी फास घाला आणि त्यात हूक अडकवा, म्हणजे रंगही खरवडणार नाही. पट्टे पुढे आणि खाली जायला हवेत. डावा थोडा, उजवा थोडा, असं आळीपाळीने आवळा. एक बाजू पूर्ण ओढून मग दुसरीकडे वळलात तर गाडी वाकडी बांधली जाते आणि वळणावर तिकडेच झुकते.

आता मुख्य गोष्ट. ही त्या माणसाला शब्दशः वाचून दाखव. पुढचा शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या एक तृतीयांश खाली बसेपर्यंत आवळा. पूर्ण कधीही बसवू नका. थोडा दाबला की पट्टा ताणलेला राहतो आणि गाडी डुलत नाही. उरलेली चाल, म्हणजे तो अजून जेवढा दबू शकतो ते अंतर, खड्ड्यांसाठी असते. ती शिल्लक ठेवली नाही तर खड्ड्याचा दणका जाणार कुठे? तेल अडवणाऱ्या सीलवर. स्प्रिंग थोडे दिवस दाबलेली राहिली म्हणून मरत नाही, लोक उगाच तिची काळजी करतात. मरतं ते सील. मागचे पट्टे मागचं चाक सरकू नये एवढ्यापुरतेच, मागचा शॉकअप त्यांनी दाबायचा नाही. आणि थोडं अंतर गेल्यावर ट्रक थांबवून सगळे पट्टे पुन्हा हाताने बघायचे.

सैल बांधणारा माणूस सुधारतो. त्याला काढू नकोस. कोण आहे तो? कानावर पेन्सिल ठेवायचा तो उंच का? तो असेल तर चारचौघांत सांगू नकोस, बाजूला घेऊन सांग.

अप्पा ऑफिसात बसतात हे वाचून नवल वाटलं. मला यार्डात घ्यायचं नाही असं ठरलं, तेव्हा ते म्हणाले होते, "ऑफिसात बसून यार्ड चालत नाही, गाडी उचलावी लागते." आता चालतंय असं दिसतं.

पक्कड


२ एप्रिल

बाईसाहेब,

पाच पानं! मी अर्धं पान वाचून दाखवलं तोवर हमाल जांभया द्यायला लागले आणि ड्रायव्हर म्हणाला, "बाकीचं परीक्षेच्या आधी वाचू." तेव्हा सगळ्याचं सार एका ओळीत आणलं, पाटी रंगवून घेतली आणि गाड्या चढवायच्या फळीसमोर भिंतीवर ठोकली. खाली तुझं नाव आणि पदवी, आहे तशी. रंगारी विचारत होता, ही कोण? म्हटलं, माझी धाकटी. लहानपणी एकदा काही धरलं की सोडायची नाही, म्हणून पक्कड. तो म्हणाला, मग पक्कडही काढू का खाली? नको म्हटलं.

पट्टे नवे आणले, तू म्हणालीस तसले. तेव्हापासून एक गाडी पडलेली नाही. पडणं सोड, हलतसुद्धा नाही. परवा ड्रायव्हर बांधलेल्या गाडीवर बसून उड्या मारत होता, ट्रक हलला, गाडी हलली नाही. शोरूमचा मालक येऊन पाटी बघून गेला. "असं पाहिजे," म्हणाला. माणूस बदलायचं नावही काढलं नाही. तुझ्या पदवीने एका माणसाची भाकरी वाचवली.

अप्पाही पाटीसमोर बराच वेळ उभे होते. त्यांचं तुला माहीत आहे.

दादा


१९ मे

प्रिय पक्कड,

नवीन भानगड. शोरूममध्ये गाड्या उतरवल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढच्या शॉकअपवर तेल दिसतं. आधी एका गाडीला होतं, आता ट्रकमागे दोन-तीन. एकाने तर गाडी घरी नेली, आणि तेल पुढच्या ब्रेकच्या चकतीवर उतरलं. वेळेवर लक्षात आलं, म्हणून वाचला.

शोरूमचा मालक पुन्हा शांत झाला आहे. त्याला लेखी पाहिजे की हे कशामुळे होतं, आणि दोष कारखान्याचा की आपला. सोबत सहा फोटो पाठवतोय, जवळून काढलेत. तू बघून एका वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहून दे. बांधणाऱ्याचा दोष असेल तर तसं स्वच्छ लिही. माझी भीड ठेवू नकोस. ह्या वेळी त्याच्या जागेचा प्रश्न आहे, आणि त्याच्यापायी सगळ्यांच्या.

दादा


२६ मे

दादा,

फोटो चांगले आहेत. सहाही एकच गोष्ट सांगतात.

शॉकअपची जी चकचकीत नळी असते तिच्यावर धूळ बसते. शॉकअप दबला की सील वर सरकत ती धूळ पुसत जातं, आणि जिथवर पोचलं तिथे धुळीचं कडं सोडतं. तुझ्या फोटोंत ते कडं नळीच्या अगदी वरच्या टोकाला आहे. दोन गाड्यांत मडगार्ड वर घासल्याची खूणही आहे. म्हणजे शॉकअप पार तळाला टेकवून बांधला होता आणि तसाच सगळा रस्ता गेला.

दोष कारखान्याचा नाही. पट्ट्याचाही नाही. बांधणाऱ्याचा आहे. रॅचेटचे शेवटचे खटके सहज पडत नाहीत, माणसाचं सगळं बळ मागतात. ते बळ त्याने सहाही वेळा दिलेलं आहे. चुकून एकदा होतं, सहा वेळा होत नाही. स्पष्ट सूचना समोर भिंतीवर असताना जो नेमकं उलट करतो, त्याला काम येत नाही असं म्हणता येणार नाही. त्याला ते करायचं नाही. हा माणूस गाडी बांधत नाही, तिच्यावर सूड उगवतो. त्याच्या हातात पट्टा देऊ नये. जुना म्हणून ठेवायचाच असेल तर झाडू द्यावा.

वेगळ्या कागदावर हेच लिहिलं आहे, सही केली आहे.

मागे मी विचारलं होतं तो कोण, ते तू सांगितलं नाहीस. आता सांगायची गरज नाही.

पक्कड


१५ जून

प्रिय पक्कड,

कागद कामी आला. एक प्रत शोरूमला दिली, एक यार्डात वाचून दाखवली. माणूस दुसऱ्या दिवसापासून आला नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मी तर कंबर कसून तयार होतो, पण ती वेळच आली नाही. आता कानावर पेन्सिलवाला बांधतो. तो तुझा उंच.

आई विचारते कधी येतेस. अप्पा आता घरीच असतात. वय झालं ना. सकाळी उठून दाढी करतात, बूट घालतात आणि खिडकीपाशी बसून राहतात.

दादा


२१ जून

दादा,

बरं झालं.

त्या माणसाला दुसरीकडे काम मिळालं का ते कळव. माझा राग त्याच्यावर नव्हता, कामावर होता. इथे माझ्याबरोबरचा एक जण म्हणतो, तू शॉकअपलासुद्धा माफ करत नाहीस. शॉकअप माफी मागत नाही, असं मी त्याला सांगितलं.

अप्पांना नुसतं बसून राहणं जमणार नाही. त्यांना हाताला काहीतरी दे. घरातलं जुनं शिलाई मशीन अडतं असं आई म्हणत होती, ते उघडून द्यायला सांग.

पक्कड


७ जुलै

चि. पक्कड,

आशीर्वाद. तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. पत्ता आईने जुन्या पाकिटावरून उतरवून दिला. एक शंका आहे, ती तूच सोडवू शकशील म्हणून लिहितो.

यार्डातल्या पाटीवर असं आहे : "गाडी बसेपर्यंत आवळा." खाली तुझी पदवी.

आमच्या कामात गाडी बसली म्हणजे शॉकअप तळाला टेकला, चाल उरली नाही. पाटी लागण्याआधी मी तसं कधी बांधलं नव्हतं. दोराने बांधायचो, सैल ठेवायचो. ती गाडी वळणावर पडली ती माझ्या हातची. ते नाकारत नाही. ती पडल्यावर माझा माझ्या हातांवरचा विश्वास गेला. नंतर पाटी आली. वाचून वाटलं, एवढं आवळणं बरं नव्हे. दादाला विचारलं, "एवढं?" तो म्हणाला, "तुमच्या लेकीने लिहिलंय. तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" मी म्हटलं, नाही. नव्या गाड्या आहेत, आत काही वेगळं केलं असेल, तिला माहीत असणार. मग पाटीप्रमाणे बांधत गेलो. शेवटचे खटके हाताने पडत नसत. ट्रकच्या फळीला पाय लावून ओढायचो. संध्याकाळी खांदा वर होत नसे, पण गाड्या पडत नव्हत्या, त्यामुळे मी समाधानी होतो.

दादाने तुझा कागद वाचला तेव्हा आम्ही सगळे फळीपाशी उभे होतो. ड्रायव्हर, हमाल, मी. "सूड उगवतो" इथे ड्रायव्हर हसला. पत्र कुणाबद्दल आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आल्यावर तो ट्रकची टायरं बघायला निघून गेला. झाडूचं वाक्यही वाचलं. दादा कुठे अडखळला नाही. तुझं अक्षर स्वच्छ आहे.

शंका अशी. पाटीवर होतं तसंच मी केलं, तर चूक कुठे झाली? आता कामाला उपयोग नाही, पण माहीत असावं.

शिलाई मशीन उघडलं होतं. त्यात दोष नव्हता, तेल हवं होतं.

अप्पा


१३ जुलै

दादा,

११ मार्चच्या पत्रात मी लिहिलेलं वाक्य असं : पुढचा शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या एक तृतीयांश खाली बसेपर्यंत आवळा, पूर्ण कधीही बसवू नका.

तू पाटीवर काय लिहिलंस ते मला अप्पांकडून कळलं. बांधणारे अप्पा आहेत, हेही.

"एक तृतीयांश" कुठे गेलं, आणि मी विचारलं तेव्हा तू गप्प का राहिलास, एवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

पक्कड


२२ जुलै

पक्कड,

बाकीचंही लिहिणार. तुझ्या हुकुमावर पत्र लिहायला मी काही यंत्रात उभा केलेला शॉकअप नाही.

"एक तृतीयांश" पाटीवर मावलं नाही. पाटी लहान होती. हसू नकोस, खरंच तेवढंच कारण आहे. मला वाटलं, बसेपर्यंत म्हणजे जागेवर पक्की होईपर्यंत. आपण म्हणतो ना, घडी बसली, जम बसला. बसणं हे चांगलं असतं, असंच मला वाटत आलंय. मी काय इंजिनिअर आहे? गाड्या गळायला लागल्या, तुझा दुसरा कागद आला, तेव्हा "स्पष्ट सूचना" हे वाचून मी तुझं पहिलं पत्र शोधून काढलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पण तोवर तुझा सही केलेला कागद माझ्या हातात होता.

हो. कळल्यावर वाचला.

तुला यार्ड मिळालं नाही म्हणून तू आजवर फुगलेली आहेस, आणि मला मिळालं असं धरून चालतेस. मला यार्ड मिळालेलं नाही. मला अप्पा मिळाले. सकाळी माझ्याआधी हजर. हमाल माझ्यासमोर त्यांना विचारणार, "अप्पा, ही गाडी आधी घेऊ का?" माझे केस पिकले तरी ड्रायव्हर मला "छोटे" म्हणतो. ऑफिसात बसतात असं मी तुला लिहिलं, ती माझी इच्छा होती. ऑफिसात ते कधीच बसले नाहीत. हात कापतात, खांदा गेलाय, तरी पट्टा सोडायचा नाही. हजारदा म्हटलं, आता घरी बसा. हसायचे. तुझा कागद ऐकताना हसले नाहीत. जे मला जन्मात बोलता आलं नसतं ते तू पाच ओळींत लिहून दिलंस.

आणि विचारलं विचारलं काय म्हणतेस? विचारलंस, उत्तर आलं नाही, तरी कागद लिहिलासच ना? "सांगायची गरज नाही" हे कुणाचं अक्षर? गाडी हलतसुद्धा नाही असं मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं, तेव्हा कुठे होतं तुझं एक तृतीयांश?

आता मोठी पाटी लावली आहे. पूर्ण वाक्य, स्वल्पविरामासकट. एक गाडी गळत नाही. जुन्या पाटीने सीलं घालवली हे शोरूमला कळलं, तर ते मला विचारणार नाहीत. खाली पदवी तुझी होती. झाकली मूठ झाकलेली राहू दे. तुझ्यासाठी सांगतोय.

दादा


३० जुलै

ती. अप्पा,

तुमच्या शंकेचं उत्तर.

शॉकअप एकूण चालीच्या एक तृतीयांश बसेपर्यंत आवळा आणि पूर्ण कधीही बसवू नका, असं मी लिहिलं होतं. पाटीवर त्यातला मधला तुकडा आला. पाटीवर होतं तसं तुम्ही केलंत, आणि त्यामुळेच सीलं गेली. ही चूक तुमची नाही. पहिली गाडी पडली ती मात्र सैल बांधल्यामुळे. ती चूक तुमची, आणि ती सुधारण्यासारखी होती. या दोन गोष्टी एकत्र करू नयेत.

फोटो पाहून मी शॉकअपबद्दल जे लिहिलं ते सगळं बरोबर आहे. माणसाबद्दल लिहिलं ते चूक आहे. शॉकअप तळाला टेकवला हे फोटोत दिसतं. का टेकवला हे दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मी लिहायला नको होतं. बांधणारे तुम्ही आहात हे मला माहीत असतं, तर मी ते वाक्य लिहिलं नसतं.

हे सगळं शोरूमच्या मालकाला आणि दादाला सहीनिशी लिहिलं आहे. पहिला कागद जिथे वाचला तिथेच, त्याच माणसांसमोर हा वाचावा, असं दादाला कळवलं आहे. शोरूमने माझ्या कंपनीकडे विचारणा केली तर मी उत्तर देईन. त्याचा विचार तुम्ही करू नये.

पुन्हा शब्दावरून कुणावर आळ येऊ नये म्हणून यार्डासाठी पद्धतही लिहून दिली आहे. चकचकीत नळी बांधण्याआधी मोजपट्टीने मोजायची, बांधल्यावर पुन्हा मोजायची, दुसऱ्या माणसाने. मग कोण बांधतो याने काही फरक पडत नाही.

तुम्ही यार्डात परत जावं. तुमची जागा तिथे आहे.

पक्कड


२० ऑगस्ट

चि. पक्कड,

पत्र मिळालं. शंका फिटली.

दादाने तुझा कागद वाचला. त्याच जागी, त्याच माणसांसमोर, तू कळवलंस तसंच. ह्या वेळी दोन ठिकाणी अडखळला. वाचून झालं. मग ड्रायव्हर म्हणाला, "अप्पा, मग उद्यापासून या की." दादानेही "या" म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो.

त्यांनी एक गाडी ट्रकमध्ये चढवून ठेवली होती. उंच माणसाने स्वतःच्या हातातला पट्टा माझ्या हातात दिला. बाकीचे भोवती उभे राहिले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी बांधली. डावा थोडा, उजवा थोडा. झाल्यावर दादा मोजपट्टी घेऊन आला, चाकापाशी उकिडवा बसला, नळी मोजली, मोबाइलवर भागाकार केला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मीही बघत होतो. तो म्हणाला, "बरोबर आहे." ड्रायव्हरने टाळी वाजवली, मग हमालांनी वाजवली. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला गणित सुटलं की वाजवतात तशी.

दादा म्हणाला, "दुसरी घेताय ना?" मी म्हटलं, पाणी पिऊन येतो. आणि घरी आलो. त्यानंतर गेलो नाही, जाणार नाही. दादाला यावरून काही लिहू नकोस. मोजायचं तूच लिहिलं होतंस, आणि मोजणं योग्यच आहे. यार्ड अजून माझ्याकडे असतं तर मीही मोजलं असतं.

शोरूमच्या मालकाने तुझ्या कंपनीला काही कळवलेलं नाही. "आता गाड्या गळत नाहीत ना? मग झालं," म्हणाला. कागद नीट वाचलाही नसावा. तुझ्या नोकरीला धोका नाही. आईला ती काळजी होती, म्हणून लिहितो.

आता एकच विचारायचं राहिलं. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे : "बांधणारे तुम्ही आहात हे मला माहीत असतं, तर मी ते वाक्य लिहिलं नसतं." ते मी बऱ्याचदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणते, पोरीचं प्रेम आहे. मला वेगळा अर्थ लागतो. तिथे दुसऱ्या कुणाचा बाप उभा असता, तर ते वाक्य चाललं असतं.

माझी समजण्यात चूक होत असेल तर कळव.

अप्पा